चिठ्ठीच्या तळाशी पत्ता

पिशवीतला फोन वाजला तेव्हा ती सातवीच्या विज्ञानाच्या पुस्तकातलं उष्णतेचं प्रकरण तपासत होती. धातू तापला की प्रसरण पावतो, ह्या वाक्याखाली तिने पेन्सिलीने बारीक रेघ ओढली होती, कारण तेच वाक्य मागच्या पानावरही येऊन गेलं होतं. फोन तिचा नव्हता. बटणांचा, मागचं झाकण रबरबँडने बांधलेला, वडिलांचा. वडील गेल्यापासून ती तो रोज पिशवीतून ऑफिसात आणायची आणि दर शनिवारी चार्ज करायची. कशासाठी, असं कुणी विचारलं नव्हतं, आणि तिनेही स्वतःला विचारलं नव्हतं. मशिनांच्या खडखडाटात ऐकू यावा म्हणून वडिलांनी त्याचा आवाज पार टोकाला नेऊन ठेवला होता. मुद्रितं तपासणाऱ्यांच्या त्या खोलीत पान उलटलं तरी कळायचं, तिथे तो असा कडाडला, की समोरच्या टेबलावरच्या बाईंच्या हातून खोडरबर खाली पडलं.

"वरात कुणाची ही?" त्या म्हणाल्या.

ती फोन घेऊन जिन्यात गेली.

"काका आहेत का?" पुरुषाचा आवाज, घाईतला.

"नाहीत."

"कधी भेटतील?"

दिवसभर दुसऱ्यांची वाक्यं दुरुस्त करणाऱ्या तिला ह्या वाक्यात दुरुस्त करण्याजोगं काही सापडलं नाही. "ते गेले," ती म्हणाली. "चार महिने झाले. मी मुलगी बोलतेय."

पलीकडे चालू असलेलं एक मशीन थांबलं. "अरेरे," तो म्हणाला. "काही कळलंच नाही हो. आमची तशी भेट कधी नव्हती. मीही शिलाई मशीनच दुरुस्त करतो, शहराच्या ह्या टोकाला. मशीन उघडलं की आत काकांची चिठ्ठी निघते, एवढीच ओळख." तो जरा घुटमळला. "ताई, आत्ता विचारू नये, पण गिऱ्हाईक डोक्यावर बसलंय, हा नंबरही त्यानेच दिला. चिठ्ठीत लिहिलंय, हा दोष आधी पाहिलेला आहे, कार्ड चार हजार एकशे बारा बघा. खाली साईटचा पत्ता दिलाय. तो उघडतच नाही."

"कार्डाचा फोटो पाठवते मी. घरी गेल्यावर."

"पाठवा, पाठवा. पण त्याने माझ्या एकट्याचं भागेल. आमच्या गल्लीत आणखी दोघं आहेत, त्यांच्याकडेही काकांच्या चिठ्ठ्या येतात. दोन वर्षं झाली, आम्ही तिघंही पत्ता टाकून बघतो. मला वाटायचं माझ्याच फोनचा दोष. ते म्हणायचे, आपल्यालाच जमत नसेल. आपलं शिक्षण ते केवढं."

"साईट नवीन करतोय," ती म्हणाली. "रविवारपर्यंत होईल."

फोन बंद केल्यावर ती जिन्यात उभी राहिली. साईट नवीन करायचं कुणाच्या मनातही नव्हतं. तरी ते वाक्य तिच्या तोंडून असं निघालं, जसं पायाखालच्या वाटेवर पाऊल पडतं. रविवार हा शब्दही आपणहून आला. तिच्या सगळ्या थापांचा वार रविवारच होता.

वडिलांचं दुकान एवढंसं होतं, की मधोमध बसलं तर कुठलीही वस्तू उठल्याशिवाय हाताला लागावी. आणि ते तसेच बसायचे, चाळीस वर्षं, एका तीनपायी स्टुलावर. दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक मशीनचं ते कार्ड लिहायचे. पोस्टकार्डाएवढा जाड कागद, चौकोनी अक्षर. वर दोष, मग कारण, मग उपाय, आणि कधीकधी शेवटी एखादी ओळ स्वतःची: 'मालकीणबाई पाय जोरात मारतात, सांगून उपयोग नाही.' कार्डाखाली कार्बन असायचा. मूळ कार्ड दुकानाच्या खणात जायचं, आणि कार्बनची पातळ प्रत घडी करून, तेलकट कागदात गुंडाळून, मशीन मागे उलथलं की आत जी लाकडी पेटी दिसते तिच्या कडेला चिकटवली जायची. गिऱ्हाइकाला तिचा पत्ता नसायचा. ती त्याच्यासाठी नसायचीच. "मशीन आपल्याकडेच परत येईल, असा काही लेख आहे का?" वडील म्हणायचे. "पुढच्याला कळायला नको, आधी कुणी हात घातला होता, कुठे घातला होता?" त्यांच्या धंद्यातली माणसं हसायची. कारागिराने हातचं राखून ठेवावं, हा आपला पोट उघडं टाकून बसलाय. वडीलही हसायचे. दुसऱ्याने केलेल्या विनोदाला हसताना ते मान खाली घालून हसायचे, म्हणजे विनोद आपल्यावर आहे हे त्यांना कळलंय की नाही, ते समोरच्याला कळायचं नाही. तिलाही ते कधी कळलं नाही. पुढे हे न कळणं तिला फार सोयीचं गेलं.

साईटची कल्पना तिची. सहा वर्षांपूर्वीची एक दुपार, जेवणं आटोपलेली, तिने संगणक मांडीवर घेतला आणि पाऊण तासात सगळं उभं केलं. एक कंपनी होती, ती फुकट जागा द्यायची. भिंती तयार, दिवे तयार, रंग तेवढा निवडायचा. तिने फिका निळा निवडला. पत्ता मिळाला तो असा: आधी दुकानाचं नाव, मग टिंब, मग कंपनीचं नाव. आईने ताट पुसता पुसता वाकून पाहिलं आणि म्हणाली, "दुकानापेक्षा मोठं दिसतंय." वडिलांनी एकच प्रश्न विचारला होता. "ह्याची किल्ली कुणाकडे?" ती हसली होती. किल्लीच नसते बाबा, ते उघडंच असतं, असं काहीतरी म्हणाली होती. ते तितकंसं खरं नव्हतं. किल्ली होती, आणि ती तिच्या ईमेलच्या नावावर होती. दर रविवारी वडील आठवड्याची निवडक कार्डं तिच्यापुढे ठेवायचे आणि ती ती टंकून साईटवर चढवायची. पहिल्या साडेतीन वर्षांत तीनशे चाळीस कार्डं गेली. वडिलांनी साईट स्वतः उघडून कधी पाहिली नाही. बटणांच्या फोनवर ती दिसत नव्हती, आणि तिने संगणक पुढे केला तर म्हणायचे, "मी लिहिलेलं मीच काय वाचू? दुसरं कुणी वाचतंय का ते सांग."

मग कंपनीने फुकटच्या जागा बंद केल्या. तीन पत्रं पाठवली, तीस-तीस दिवसांच्या अंतराने. ती ईमेलच्या एका कप्प्यात जाऊन पडली, जिथे चपलांच्या आणि विम्याच्या जाहिराती पडतात. हा कप्पा तिने कधी उघडला नाही. जगात तिच्याइतकं वाचणारं माणूस कमी असेल. डब्याला गुंडाळलेला वर्तमानपत्राचा तुकडासुद्धा ती उलट करून वाचायची. एका रविवारी कार्डं चढवायला बसली तेव्हा निळा रंग नव्हता. पांढरं पान होतं, त्यावर कंपनीचा निरोप होता, आणि निरोपावरची तारीख पाच आठवड्यांपूर्वीची होती. म्हणजे मधले पाच रविवार तिने कार्डं चढवलीच नव्हती. कामं होती, डोकं दुखत होतं, वडिलांना मात्र "टाकली" म्हणून सांगितलं होतं. पहिली थाप ती. ती थाप आहे असंही तेव्हा वाटलं नव्हतं, पुढच्या रविवारी खरी करायची होती. वडील शेजारी बसून चष्मा पुसत होते. "टाकलं?" त्यांनी विचारलं. "टाकलं," ती म्हणाली.

त्यात हरवलं काय होतं? कार्डं खणात होती. दुसरीकडे जागा घेऊन पुन्हा सगळं चढवता आलं असतं, महिन्याभराचं काम. पण त्यासाठी आधी वडिलांना सांगावं लागलं असतं, आणि सांगायचं म्हणजे पत्रं उघडली नाहीत हे सांगायचं. ती पुढचा रविवार म्हणत राहिली, आणि पुढचा रविवार दर आठवड्याला येतच राहिला. अशी दोनाहून जास्त वर्षं गेली. वडील कार्डं द्यायचे, ती घ्यायची, संगणकासमोर अर्धा तास बसायची, कुठल्यातरी पुस्तकाचं मुद्रित उघडून. "कुणी वाचलं का?" ते विचारायचे. सुरुवातीला ती म्हणायची, अजून नाही. मग एकदा त्यांच्या चेहऱ्याकडे बघून म्हणाली, हो, वाचलं एकाने. एकदा वाचक झाला म्हटल्यावर तो गप्प कसा राहील? एकाने आभार मानले. एकाने पट्टा सारखा का तुटतो म्हणून विचारलं. असे पाच-सहा जण तिने तयार केले, त्यांची भाषा वेगवेगळी ठेवली, आणि ते काम तिला बरं जमलं. त्यांतल्या एक होत्या दुपारच्या बाई. हे नाव वडिलांनी ठेवलेलं. तिने नुसतं म्हटलं होतं, एका बाईंनी विचारलंय, माझं मशीन सकाळी नीट शिवतं आणि दुपारी टाके सोडतं, हे कसं? त्या दिवशी तिला काही सुचत नव्हतं. ती स्वतः दुपारी पेंगायची, तेवढंच डोक्यात होतं. मशिनांतलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. असा दोष असूच शकत नाही, मशीनला सकाळ काय आणि दुपार काय, हे तिच्या लक्षातही आलं नाही. वडील म्हणाले, "असं होत नाही." मग म्हणाले, "पण बाई म्हणतायत ना होतं म्हणून." पुढच्या रविवारी त्यांनी दुपारच्या बाईंची चौकशी केली. त्याच्या पुढच्याही. मशीन कुठे ठेवतात, खिडकी कुठल्या बाजूला, तेल कधी घातलं होतं. तिने सगळी उत्तरं आणून दिली. खिडकी पश्चिमेची, तेल दोन वर्षांपूर्वीचं. तीन आठवड्यांनी वडिलांनी एकदम सहा कार्डं तिच्यापुढे ठेवली. पहिल्याचा नंबर चार हजार एकशे बारा.

ऑफिसातले संगणक बघायला आठवड्यातून दोनदा एक माणूस यायचा. त्याला सगळे जावईबापू म्हणत, कारण तो तीनदा बोलावल्याशिवाय येत नसे, आला की आधी चहा लागे, आणि त्याला वावगं बोलायची कुणाची टाप नव्हती. तोंडावर म्हणत, आणि तो ओ देई. त्याच दिवशी मधल्या सुट्टीत तिने त्याला चहासकट गाठलं आणि विचारलं, साईट काढायची असेल तर कशी काढावी.

"कशाची?"

"कार्डांची. चार हजारांच्या वर आहेत. मजकूर आणि फोटो."

"दुकान नाही ना त्यात? विकायचं काही नाही? मग दोन वाटा." त्याने बशीत बिस्कीट उभं धरलं, जणू काय दोन वाटांमधलं झाड. "एक तयार. कंपनीचं घर, कंपनीचे दिवे, तुम्ही आपलं सामान मांडायचं. खानावळ म्हणा ना. ताट वेळेवर येतं, मीठ कमी पडलं म्हणायची मात्र सोय नाही. दुसरी, स्वतःची. सर्व्हर तुमचा, सॉफ्टवेअर तुम्ही चढवायचं, नवं आलं की बदलायचं, चोर येतात त्यांना हाकलायचं, बॅकअप घ्यायचा. म्हणजे दारात म्हैस बांधणं. दूध स्वतःचं आणि शेणही स्वतःचं."

"मला दुसरी हवी," ती म्हणाली.

"का?"

"स्वतःची असली की कुणी बंद करणार नाही."

"बंद कुणी करावी लागत नाही ताई, आपोआप पडते." त्याने बिस्कीट चहात बुडवलं आणि वेळेवर वर काढलं. "आधी होती का एखादी?"

"होती. कंपनीने बंद केली."

"न कळवता?"

हो म्हणायला काहीच हरकत नव्हती. ह्या माणसाला काय फरक पडत होता? समोर भिंतीवर जुन्या घड्याळाची चौकोनी खूण होती, घड्याळ मात्र दुसऱ्या भिंतीवर गेलेलं. "तीन पत्रं आली होती," ती म्हणाली. "मी उघडली नाहीत."

आपण हे वाक्य पहिल्यांदाच उच्चारतोय, हे तिला उच्चारल्यावर कळलं. जावईबापूंना त्यात काही विशेष वाटलं नाही. दुसऱ्यांच्या न उघडलेल्या पत्रांवरच त्याचं पोट चालत असावं. "मग विचार करा," तो म्हणाला. "खानावळवाला निदान बंद करायच्या आधी पाटी लावतो. घरची चूल विझली तर सांगायला कोण येणार?"

तिने पुन्हा त्या चौकोनी खुणेकडे पाहिलं.

"आणि गेलं काय तुमचं? कार्डं तर आहेत म्हणता."

"पत्ता. तो बऱ्याच ठिकाणी लिहून ठेवलेला आहे. तोच परत मिळेल का?"

"त्याला कंपनीच्या नावाचं शेपूट होतं?"

"होतं."

"मग तो त्यांचा होता. तुमचा कधी नव्हताच." हे त्याने दुःख वाटल्यासारखं नाही, पावतीवरचा मजकूर वाचून दाखवावा तसं सांगितलं. "ह्या खेपेला पत्ता तेवढा स्वतःच्या नावावर घ्या. मग मागचं घर भाड्याचं का असेना. उद्या घर बदललं तरी दारावरची पाटी उचलून नव्या दाराला लावायची. येणाऱ्याला कळतसुद्धा नाही."

दुपारभर ती उष्णतेच्या प्रकरणावर बसली आणि तिला एक संगणक दिसत राहिला. लहानसा, पुस्तकाएवढा, दुकानातल्या तीनपायी स्टुलावर ठेवलेला, हिरवा दिवा लुकलुकणारा. दुकान रिकामं करून दिलं होतं, स्टूल तिच्या खोलीत आलं होतं. तरी तिला तो दुकानातच दिसत होता. रोज सकाळी उठून त्याच्यापाशी जायचं, धूळ पुसायची, सगळं जागच्या जागी आहे का बघायचं, एक दिवस चुकवायचं नाही. ह्या चित्रात तिला बरं वाटत होतं, आणि किती बरं वाटतंय हे पाहून तिला शंका आली. तिला साईट काढायची नव्हती, तिला रोजची एक शिक्षा हवी होती, ठरलेल्या वेळची, हाताने करण्याजोगी. पण शहराच्या त्या टोकाला तिघंजण फोनवर पत्ता टाकून बसले होते. तिच्या शिक्षेचं त्यांना काय? ती पाच-सहा महिने रोज धूळ पुसेल. मग एखाद्या आठवड्यात डोकं दुखेल, कामं असतील, आणि ती म्हणेल, रविवारी. आपण कोण आहोत हे चाळिशीच्या पुढे माणसाला साधारण ठाऊक असतं. आपण पत्रं न उघडणाऱ्या आहोत. हे मान्य करून जे काही उभं राहील तेच टिकेल, बाकी सगळा देखावा. मागच्या दोन वर्षांत वडिलांनी किती चिठ्ठ्या चिकटवल्या असतील, हे ती मनात मोजू लागली आणि मग थांबली. आतली माणसं ती घडवत होती तेव्हा खरी माणसं दाराबाहेर उभी होती, आणि दार उघडत नाही हा आपलाच दोष आहे असं समजून परत जात होती. ह्यावर रडू यायला हवं होतं. तिने 'प्रसरण पावतो'खालची रेघ खोडली आणि वाक्य राहू दिलं. दोनदा आलं तर काय बिघडलं?

घरी आली तेव्हा आई पश्चिमेच्या खिडकीपाशी मशीनवर उशीचा अभ्रा शिवत होती. आल्याआल्या तिने कपाटातून दुकानातून आणलेला कार्डांचा खण काढला, चार हजार एकशे बारा ते सतरा अशी सहा कार्डं पलंगावर मांडली आणि फोटो काढले. पहिल्या कार्डावर, वर, चौकोनी अक्षरात: 'प्रश्न दुपारच्या बाईंचा.' खाली लिहिलं होतं, की सुईच्या दांड्याचा स्क्रू पाव फेरा सैल झालेला असतो. जुनं तेल गोंदासारखं घट्ट झालेलं असतं, ते गारव्यात त्या सैल दांड्याला धरून ठेवतं, म्हणून सकाळी टाका बरोबर पडतो. ऊन अंगावर आलं की तेल पातळ होतं आणि दांडा हलतो. शेवटी त्यांची स्वतःची ओळ: 'मशीन सकाळी खोटं बोलतं आणि दुपारी खरं. तपासायचं असेल तर दुपारी तपासा.' पुढच्या पाच कार्डांवर प्रयोगाच्या नोंदी होत्या. कुठल्या वेळी ऊन कुठवर, किती टाक्यांनंतर पहिला टाका सुटला. हे ती पूर्वी वाचून गेली होती, पण मुद्रित वाचतात तसं, अक्षरांवरून.

"आई, बाबांनी हे कुठल्या मशीनवर करून पाहिलं?"

"कुठल्या म्हणजे? ह्याच." आईने पाय न थांबवता सांगितलं. "चांगलं चालणारं मशीन माझं. कुठूनतरी सडकं तेल पैदा केलं, त्यात घातलं, स्क्रू ढिला करून ठेवला आणि तीन आठवडे मला शिवू दिलं नाही. दुपारी दोन वाजले की दुकान बंद करून घरी, आणि खुर्ची टाकून बसलेत टाके मोजत. म्हटलं, अहो, माणसं बिघडलेलं नीट करतात, तुम्ही नीट असलेलं बिघडवताय. तर म्हणे, त्या बाई रोज दुपारी अडून बसत असतील गं."

मशीनचा आवाज खोलीभर होता. आवाज असल्यामुळेच तिला बोलता आलं असावं.

"आई, त्या बाई नव्हत्याच."

"कोण बाई?"

"दुपारच्या. मी त्या बनवल्या होत्या. साईट तेव्हा बंद पडली होती, माझ्या चुकीने, आणि मी बाबांना सांगितलं नाही. वाचणारं कुणीच नव्हतं. सगळे मीच बनवलेले."

आईचा पाय थांबला. चाक आपल्या वेगात आणखी दोन फेरे फिरलं. आईने सुई वर घेतली, अभ्रा ओढून काढला, धागा दाताने तोडला, आणि टाका कसा पडलाय ते उजेडात धरून पाहिलं. आई रागावेल किंवा रडेल, ह्या दोन्हींची तयारी तिने ठेवली होती.

"मग माझं मशीन कुणासाठी बिघडवलं?" आई म्हणाली.

माझ्यासाठी, हे आईच्या समोर मोठ्याने म्हणण्याजोगं नव्हतं. खाली कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचा टिंगटिंग आवाज बराच वेळ चालला. मग आईने अभ्र्याची घडी घातली. "त्यांना कळलं असतं तर चिडले असते," ती म्हणाली. "दोन दिवस. तिसऱ्या दिवशी विचारलं असतं, तो दोष तुला सुचला कसा?" थोड्या वेळाने, उठता उठता: "आता तरी नीट कर. आणि ते मेल का काय येतं, ते उघडत जा. बापाने आयुष्यभर दुसऱ्यांसाठी चिठ्ठ्या लिहिल्या, आणि पोरगी आलेली चिठ्ठी फोडत नाही."

तिने संगणक घेतला आणि तो कप्पा उघडला. तिन्ही पत्रं तिथे होती, चपलांच्या गर्दीत. पहिलं सभ्य होतं, दुसरं सभ्य आणि थोडं काळजीचं, तिसऱ्यात लिहिलं होतं, आपलं लेखन आमच्याकडे इतके दिवस होतं ह्याचा आम्हाला आनंद आहे, जाण्यापूर्वी कृपया ते सोबत घेऊन जा. कुणीतरी पगारावर बसून लिहिलेलं वाक्य. लाखो जणांना गेलेलं. तिने ते दोनदा वाचलं.

मग तिने फोटो पाठवले, आणि तासाभराने मेकॅनिकचा फोन आला. तिच्या फोनवर, पण तिला क्षणभर वाटलं पिशवीतलाच वाजतोय.

"मिळालं ताई. स्क्रूच होता. गिऱ्हाईक सकाळी मशीन आणायचं, सकाळी मी बघायचो, नीट चालायचं. मी म्हणायचो बाई, तुमच्या हाताचा दोष. माफी मागायला लागली." तो हसला. "त्या दुपारच्या बाईंना सांगा, त्यांच्यामुळे सुटलं."

"त्या बाई नव्हत्या," ती म्हणाली. दुसऱ्यांदा ते वाक्य बरंच लहान झालं होतं. "तो प्रश्न माझा होता."

"तुम्हीही मशीनमधल्या का?"

"नाही. मी पुस्तकं तपासते." आणि मग, तो आणखी काही विचारायच्या आत: "एक काम होतं. नव्या साईटची सूचनेची पत्रं येतील, बंद करतोय, मुदत संपतेय, अशी. माझ्याकडे येतील, पण मी वाचीनच असं नाही. दुसरं नाव म्हणून तुमचा ईमेल देऊ का?"

"माझा? मी काय करू त्याचं?"

"पत्र आलं की मला फोन करायचा आणि ओरडायचं."

"ओरडायला येतं मला," तो म्हणाला. "आमच्या धंद्यात दुसरं काय येतं?" मग जरा गंभीर होऊन: "द्या. आमच्या गल्लीतल्या दुसऱ्याचाही द्या. तो माझ्यापेक्षा मोठ्याने ओरडतो."

ठरवायचं ते अशा रीतीने ठरलं. शनिवारी तिने पत्ता घेतला, तिच्या स्वतःच्या नावावर, शेपटाशिवाय, नुसतं दुकानाचं नाव. त्याच्यामागे घर घेतलं ते तयार, भाड्याचं, खानावळीतलं. रंग निवडा म्हणून विचारलं तेव्हा तिने पांढरा ठेवला. दर महिन्याला सगळ्या कार्डांची एक प्रत आपल्या संगणकात उतरवून घ्यायची, हे तिने कागदावर लिहून स्टुलाला चिकटवलं, आणि लिहितानाच आपण ते दोन-तीन महिने विसरणार हे तिने गृहीत धरलं. रविवारी सकाळी तिने पहिली सहा कार्डं चढवली. 'प्रश्न दुपारच्या बाईंचा' ही ओळ खोडायला हवी का, ह्यावर ती चहा निवेपर्यंत बसली. वडिलांनी लिहिलेली ओळ होती, आणि वडिलांच्या बाजूने ती खरी होती. तिने ती तशीच टंकली.

मग ती आईच्या मशीनपाशी गेली. वरचं झाकण काढलं, मशीन बिजागरीवर मागे उलथलं. आतल्या पेटीच्या कडेला तेलकट कागदाची पुडी होती, इतकी नेटकी चिकटवलेली की नख घालायला जागा नव्हती. घरच्या मशीनलाही त्यांनी चिठ्ठी लावली होती. ते घर सोडून कुठे जाईल, असं त्यांना वाटत होतं कुणास ठाऊक. तिने घडी उलगडली. पुसट निळं कार्बनचं अक्षर. दोष: मुद्दाम केलेला. कारण: पाहण्यासाठी. उपाय: जसं होतं तसं केलं, नवं तेल घातलं. तळाशी जुना पत्ता, टिंबासकट, शेपटासकट, एकही अक्षर न चुकता. हा पत्ता त्यांनी पाठ केला होता.

तिने त्याच्यावर एक रेघ मारली, मुद्रितावर मारतात तशी, खालचं वाचता येईल इतकी बारीक, आणि शेजारी नवा लिहिला. एक झाली. बाकीच्या कुठे आहेत ते खणातल्या कार्डांवर होतं, मालकिणींची नावं, गल्ल्या, जिने. फोन करावे लागतील; कुणी मशीन विकलं असेल, कुणी गेलं असेल. तिने चिठ्ठीची होती तशी घडी घातली, ती पुन्हा कागदात गुंडाळली आणि मशीन सरळ केलं.

आई स्वयंपाकघरातून हात पुसत आली. तिने आधी मशीनचं चाक एकदा हाताने फिरवून पाहिलं, सगळं जागेवर आहे ना म्हणून. मग संगणकाकडे मान वळवली.

"टाकलं?"

"टाकलं."

"कुणी वाचलं का?"

तिने पान पुन्हा उघडून पाहिलं. पांढरं, सहा कार्डांचं, खाली एक रिकामी चौकट, ज्याला काही विचारायचं असेल त्याच्यासाठी.

"अजून नाही," ती म्हणाली.